देणगीत आलेली सात पुस्तकं आणि ६१६.८५८३ हा वर्गांक

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

तापीकाठच्या तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि तिथे तुम्ही नव्याने ग्रंथपाल म्हणून लागलात. एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून पेटीभर पुस्तकं देणगीत आली. त्यांत समलैंगिकता, तृतीयपंथी, लैंगिक कल या विषयांवरची सात निघाली. संगणकात नोंद करताना तुम्ही दुसऱ्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी उतरवून घेतल्या, तर काहींना ६१६.८५८३ हा वर्गांक, म्हणजे विषयावरून फळीवरची जागा ठरवणारा आकडा, आला, एकाला ३०१.४१५७ आणि एका कादंबरीला चक्क ३०६.७६६. विषय एकच, मग तीन जागा का, हा तुमचा पहिला प्रश्न. त्यात कार्यकारी मंडळातले आप्पा येऊन म्हणाले, "या पुस्तकं आठे कसाले? आरोग्यमा टाकी द्या, नही ते कपाटमा." तेव्हा कपाटात ठेवावीत का, हा दुसरा.

दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. आप्पांना जे 'आरोग्य' सुचलं तेच संगणकालाही सुचलं (६१६ हा वैद्यकाचा आकडा), आणि दोघांनाही ते एकाच जुन्या ठिकाणाहून सुचलं. ते ठिकाण कुठलं हे कळलं की सातही पुस्तकांची जागा तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक पुस्तकं ३०६.७६ ला, म्हणजे समाजशास्त्रात जातील, एखादंच ६१६.८५८३ ला, आणि कपाटात एकही नाही. आता का, ते सांगतो.

ग्रंथपाल प्रमाणपत्र वर्गात शिकवताना मी पहिल्याच तासाला केळीचा प्रश्न घालायचो. रावेर-यावलची मुलं असायची, केळी त्यांना शिकवावी लागत नव्हती. केळीच्या पुस्तकाचा वर्गांक काय? सगळी वर्गसूची चाळून एक आकडा काढायची, आणि मी म्हणायचो, चूक. लागवड, खत, करपा यांवरचं पुस्तक असेल तर ६३४.७७२. केळी खाण्याचा पदार्थ म्हणून असेल तर ६४१ च्या घरात. बाजारभाव, व्यापारी, रेल्वेचे वॅगन यांवर असेल तर ३३८ ला. आपण हे आकडे ज्या पद्धतीने देतो त्या ड्युई दशांश पद्धतीत 'केळी' नावाची एक जागा नाहीच. लेखक त्या गोष्टीकडे कोणत्या शास्त्राच्या बाजूने बघतो, त्या शास्त्रात पुस्तक जातं. हा नियम केळीला लावताना कोणाचं काही बिघडत नाही. माणसांच्या लैंगिकतेला लावताना मात्र प्रत्येक आकडा माणसांबद्दल काहीतरी बोलून जातो.

आता तुमचे तीन आकडे. ते तीन मतं कमी आणि तीन काळ जास्त आहेत.

मेल्विल ड्युईची वर्गसूची पहिल्यांदा १८७६ मध्ये छापली गेली. समलैंगिकता तिच्यात आली थेट १९३२ च्या तेराव्या आवृत्तीत, आणि आली ती १३२ म्हणजे मनोविकार आणि १५९.९ म्हणजे अपसामान्य मानसशास्त्र, या दोन खोल्यांत. त्या काळच्या डॉक्टरांचं मत तेच होतं आणि वर्गसूचीने ते उचललं. पुढच्या आवृत्त्यांत समाजशास्त्राचं दार उघडलं. सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी पुस्तकांच्या मागच्या पानावर छापलेला जो ३०१.४१५७ दिसतो तो तिथला. मग १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत समाजशास्त्राचा सगळा ३०१ फोडून ३०१ ते ३०७ असा पसरला, आणि लैंगिक संबंधांना ३०६.७ मिळाला. आज ३०६.७६ हा लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांचा वर्गांक आहे. त्याच्या खाली ३०६.७६५ उभयलैंगिकता, ३०६.७६६ समलैंगिकता, ३०६.७६८ पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्ती. ३०६.७६४ भिन्नलैंगिकतेला आहे, हे मी मुद्दाम दाखवतो, कारण वर्गात कोणालाच ते ठाऊक नसतं. बहुसंख्यांनाही वर्गांक असतो, फक्त त्यांना तो कोणी विचारत नाही.

आणि ६१६.८५८३? तो अजून आहे. पण त्याच्यासोबत वर्गसूचीत स्पष्ट सूचना आहे: पुस्तक समलैंगिकतेला वैद्यकीय विकार मानून लिहिलेलं असेल, किंवा तसं मानणाऱ्यांचं म्हणणं खोडून काढण्यावरच त्याचा भर असेल, तरच इथे ठेवा, शंका असेल तर दुसरा वर्गांक पसंत करा. हे वाक्य लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आप्पांना दाखवायला उपयोगी पडेल, कारण ते तुमचं मत नाही, नियम आहे.

वर्गसूची बदलली कारण तिच्यामागचं वैद्यकच बदललं. अमेरिकन मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातून ती १७ मे १९९० रोजी निघाली. त्याच वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आणि तिच्यात पारलिंगी व्यक्तींशी संबंधित नोंदही मनोविकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली गेली. आपल्याकडे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर सांगितलं, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये 'कल बदलण्याचे उपचार' हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे डॉक्टरांनी ही फाइल केव्हाच बंद केली आहे. आपण मात्र दुसऱ्याची नोंद जशीच्या तशी उतरवून ती दर महिन्याला पुन्हा उघडतो.

(ग्रंथपालांनीही यात काही केलं, ते आपल्या अभ्यासक्रमात नसतं म्हणून सांगतो. अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेत १९७० साली समलैंगिक सभासदांचा एक कृतिगट उभा राहिला, आणि त्यांच्या रेट्यामुळे १९७२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने समलैंगिकांच्या चळवळीवरच्या पुस्तकांना वेगळा वर्गांक दिला. तोवर ती 'अपसामान्य लैंगिक संबंध' या मथळ्याखाली पडायची. आणि ज्या ड्युईला आपण साष्टांग घालतो त्याचं नाव त्याच संघटनेने २०१९ मध्ये आपल्या पदकावरून काढलं, त्याच्या वंशद्वेषामुळे आणि स्त्रियांशी त्याच्या वागणुकीमुळे. वर्गसूची देवाने लिहिलेली नाही एवढंच त्यातून घ्यायचं.)

तर कामाची गोष्ट ही: तयार नोंद उतरवण्यात गैर काही नाही, पण तिची तारीख बघायची. मार्क नोंदीत, म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकी नोंदीच्या ठरलेल्या साच्यात, ०८२ या क्षेत्रात ड्युई वर्गांक असतो आणि त्याच्याच शेजारी आवृत्तीचा आकडा असतो. तिथे १८ दिसला तर तो वर्गांक १९७१ चा समजा. २३ दिसला तर २०११ चा. आकडाच नसेल तर विश्वास ठेवू नका, पुस्तक हातात घ्या. मलपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका, मधली चार पानं. यापेक्षा जास्त वाचायची गरज सहसा पडत नाही.

आता तुमची सात पुस्तकं. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून सांगतो; पुस्तकं माझ्या हातात नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द तुमचा.

मराठीतली कार्यकर्त्याने लिहिलेली दोन माहितीपर पुस्तकं, ज्यांत विज्ञान, कायदा, कुटुंब, चळवळ असं सगळं थोडं थोडं आहे, ती ३०६.७६ ला. तीन किंवा जास्त उपविषय असतील तर त्यांना पोटात घेणारा वरचा वर्गांक द्यायचा, हा तिनाचा नियम तुम्ही परीक्षेपुरता पाठ केला असेल. त्याचा खरा उपयोग इथे आहे. ३०६.७६६ पर्यंत जायची गरज नाही. आपल्या आकाराच्या वाचनालयात या विषयाची दहा-पंधरा पुस्तकं होतील तेव्हा बघू. पण ३०६.७ वरच थांबूही नका. तिथे थांबलात तर ३०६.७४ चा वेश्याव्यवसाय आणि ही पुस्तकं एकाच गठ्ठ्यात मिसळतील, आणि चाळणाऱ्याच्या मनातही.

पारलिंगी स्त्रीचं आत्मकथन ३०६.७६८ ला, पुढे व्यक्तिचरित्राचा ०९२ जोडून. तुमच्याकडे सगळी चरित्रं ९२० ला एकत्र ठेवायची पद्धत असेल तर तिथे ठेवा, मला ते जास्त आवडतं. आपल्याकडे चरित्र-आत्मचरित्राच्या फळीवर वाचक आपणहून येतात. 'विषय' शोधायला ज्यांना संकोच वाटतो, ते तिथे बिनघोर उभे राहू शकतात.

हिजडा समाजावरचं पुस्तक तुम्ही ३०६.७६८ असं टिपलंय. बहुधा बरोबर. पण एकदा बघा की पुस्तकाचा भर कशावर आहे. गुरू-चेला परंपरा, घराणी, पोटापाण्याची साधनं, १५ एप्रिल २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा तृतीय लिंगाला मान्यता देणारा निकाल, असं असेल तर ठीक. जोगते-जोगतिणी आणि यल्लमाच्या उपासनेवरच भर असेल तर ते २९४.५ ला, हिंदू धर्मात जाईल. परदेशी वर्गसूचीतली 'पारलिंगी' ही खोली आपल्या माणसांना तंतोतंत बसतेच असं नाही. जोगत्याला तुम्ही ओळख विचारली तर तो आधी देवीचं नाव सांगेल.

समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालावरचं पुस्तक कायद्यात, ३४० च्या घरात. निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा, आणि त्याचा गाभा घटनेतल्या समानतेचा नि प्रतिष्ठेचा आहे. तेव्हा मी ३४२ धरीन, फौजदारी कायद्याचा ३४५ नाही. पुस्तक त्या कलमाच्या इतिहासावर, १८६० च्या दंडसंहितेपासूनच्या खटल्यांवर असेल तर ३४५ चालेल. इथे दोन ग्रंथपालांत मतभेद होऊ शकतो आणि दोघंही बरोबर असू शकतात. एक लक्षात ठेवा, हे पुस्तक २०१३ ते २०१८ च्या मधलं असेल तर त्यात कायद्याची स्थिती उलटी दिसेल, कारण डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला होता. आतल्या पानावर प्रकाशनवर्ष ठळक करून ठेवा. सभासद तारीख बघत नाहीत.

कादंबरीला ३०६.७६६ देऊ नका. कादंबरी ही कादंबरी, ८९१.४६३, नायक कोणावरही प्रेम करो. लेखक कोण आहे, त्याचं खासगी आयुष्य काय, यावरून तर ललित पुस्तकाची जागा कधीच ठरवायची नाही. हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण चांगल्या मनाचे लोकही ही गल्लत करतात. वेगळी फळी केली की विषयाला मान मिळतो असं त्यांना वाटतं. होतं असं की कादंबरी वाचणारी बाई त्या फळीकडे जात नाही, आणि कादंबरी पडून राहते.

राहिलं ते शेवटचं, सत्तरच्या दशकातलं, डॉक्टराने लिहिलेलं, ज्यात विजेचे झटके देऊन 'बरं करण्या'वर एक प्रकरण आहे. त्याचा वर्गांक ६१६.८५८३ च. नियमाने तो बरोबर आहे, कारण पुस्तक विकार मानूनच लिहिलंय. पण वर्गांक बरोबर असणं आणि पुस्तक फळीवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कालबाह्य वैद्यकीय पुस्तक देवघेव विभागात ठेवू नये, मग ते मधुमेहावरचं असो की याच्यावरचं. देणगीचं आहे, दाखल करायलाच हवं असं नाही. देणगी समितीला सांगून बाजूला काढा. दाखल झालं असेल तर पुढच्या निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत घाला. जिल्ह्याच्या एखाद्या मोठ्या ग्रंथालयाला जुन्या वैद्यकाचा संग्रह करायचा असेल तर त्यांना विचारा. अभ्यासकाला असं पुस्तक हवं असतं. आई-बापांच्या हातात ते पडू नये.

वर्गांकाचं इतकं कशाला, आकडाच तर आहे, असं आप्पा म्हणतील. मुक्तद्वार वाचनालयात, जिथे वाचक स्वतः फळीपाशी जातो, आकडा म्हणजे शेजार. ६१६.८५८३ ला पुस्तक ठेवलं की त्याच्या डाव्या हाताला ६१६.८५३, म्हणजे फेफरं, आणि उजव्या हाताला ६१६.८६, म्हणजे दारू आणि इतर व्यसनं. कॉलेजातला पोरगा धीर करून आपल्याबद्दलचं पुस्तक शोधत तिथवर आला, तर पुस्तक उघडण्याआधीच फळीने त्याला उत्तर दिलेलं असतं. तेच ३०६.७६ ला ठेवलं तर थोडं पुढे ३०६.८ सुरू होतो: विवाह, कुटुंब, आई-बाप आणि मुलं, घटस्फोट. घरोघरी असतं ते सगळं.

कोणी विचारेल, माणसांचे असे कप्पे पडतात तरी का? नाही पडत नीट. आल्फ्रेड किन्सी हा मुळात झाडावर गाठी करणाऱ्या बारीक माश्यांचा वर्गीकरणतज्ज्ञ होता. आयुष्याचा मोठा काळ त्याने त्या माश्या गोळा करून मोजण्यात घालवला. तोच माणूस जेव्हा माणसांच्या लैंगिक वर्तनाकडे वळला, तेव्हा १९४८ च्या अहवालात त्याने दोन कप्पे टाकून शून्य ते सहा अशी मोजपट्टी केली. ज्याने जन्मभर जाती-पोटजाती पाडल्या त्यालाच माणसांत सरळ रेघ ओढता आली नाही. ही मोजपट्टीही पुढच्यांना अपुरी वाटली, कारण ती वर्तन, ओढ आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो हे वेगळं करत नाही. पण आपलं काम माणसं लावायचं नाही, पुस्तकं लावायचं आहे. पुस्तकाला एक पाठ असते आणि तिच्यावर एकच चिठ्ठी बसते, म्हणून एक आकडा निवडावा लागतो. बाकीचे मार्ग तालिकेत, म्हणजे वाचनालयाच्या सूचीत, विषय-शीर्षकं देऊन उघडे ठेवा.

विषय-शीर्षकांबद्दल दोनच गोष्टी. 'लैंगिक विकृती', 'अनैसर्गिक संबंध' ही जुनी शीर्षकं संगणकात कुठे राहिली असतील तर शोधून बदला. शोध-पेटीत कोणी 'समलैंगिक' टाकलं तर पुस्तक दिसलं पाहिजे. आणि 'उभयलिंगी' हे शीर्षक जपून वापरा. आपल्या नोंदींत ते कधी दोन्हींकडे ओढ असलेल्यांसाठी आणि कधी जन्मतः लिंगरचना वेगळी असलेल्यांसाठी वापरलेलं आढळतं, आणि ही दोन पूर्ण वेगळी माणसं आहेत. पहिल्यासाठी 'उभयलैंगिक' लिहा, दुसऱ्यासाठी 'आंतरलिंगी'.

आता कपाट. या कल्पनेला मोठी घराणी आहेत, आप्पा एकटे नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये असल्या पुस्तकांची 'प्रायव्हेट केस' होती, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या विभागाचं नावच 'नरक' होतं. पण त्या कपाटांत अश्लील ठरवलेलं साहित्य असायचं, आणि मागायला येणारे विद्वान कोणाला लाजत नव्हते. तालुक्याच्या गावात कपाटाची किल्ली काउंटरवर मागावी लागते. काउंटरवर उभा असलेला शिपाई मागणाऱ्याच्या काकांना ओळखतो. कपाट म्हणजे पुस्तक नसणंच, फक्त दाखल नोंदवहीत असणं.

माझ्या वाचनालयात असं एक पुस्तक होतं. देवघेवीत ते कधी गेल्याची नोंद नव्हती, म्हणून एका पडताळणीत निर्लेखनासाठी कोणीतरी बाजूला काढलं. हातात घेतलं तर कडा काळ्या पडलेल्या, मधल्या फर्म्याची शिलाई सैल, एका पानाचा कोपरा दुमडून पुन्हा सरळ केलेला. आणि दर पडताळणीला ते आपल्या जागी नसायचं. अभ्यासिकेच्या बाजूला, तलाठी भरतीच्या गाइडांच्या मागे आडवं सारलेलं सापडायचं. पुस्तक वाचलं जात होतं, घरी नेलं जात नव्हतं. घरी नेलं की मागच्या मुदतीच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक आणि तारीख बॉलपेनने चढते, आणि आपल्या गावात सभासद क्रमांक म्हणजे नाव-गाव-भाऊबंद. पुढच्या वाचकाने ती चिठ्ठी वाचली की झालं. तेव्हा पुस्तक गेलं किती वेळा यावरून त्याची गरज मोजू नका, आणि ती चिठ्ठी फक्त तारखेपुरती ठेवा. क्रमांक देवघेवीच्या नोंदीत असतोच, पुस्तकाच्या पाठीमागे कशाला? हा बदल सगळ्याच पुस्तकांना करा. याच सातांना वेगळा नियम लावलात तर तो नियमच बोट दाखवेल.

शहरातली काही वाचनालयं अशा पुस्तकांच्या पाठीवर इंद्रधनुष्याची खूण चिकटवतात. तिथे ते शोभतं, शोधणाऱ्याला आधार वाटतो. आपल्याकडे मी चिकटवणार नाही. ३०६.७६ हा आकडा कोणालाही काही सांगत नाही, हीच त्याची सोय आहे. त्याऐवजी भिंतीवर शंभर ते नऊशेचा तक्ता लावतो तसा ३०० चा एक सविस्तर तक्ता लावा: ३०५ समाजगट, ३०६.७ लैंगिकता, ३०६.८ विवाह व कुटुंब, ३३० अर्थशास्त्र, ३७० शिक्षण. ज्याला हवं तो न विचारता पोहोचतो. वाचनालयाची सूची संगणकावर सभासदांना बघता येत असेल तर आणखीच चांगलं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत, आणि त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. बालविभाग त्याच खोलीत असेल तर ३०६ ची फळी मुलांच्या हाताच्या उंचीवर येऊ नये एवढं बघा. तसंही ३०६ आणि ६१३.९ (संततिनियमन, लैंगिक आरोग्य) मोठ्यांसाठीच आहेत. ३०० ची रांग तुमच्या काउंटरच्या अगदी समोर येत असेल तर सगळी रांग फिरवा, एक फळी नको. पानं फाडली जाण्याचा त्रास असेल तर एक प्रत संदर्भात, एक देवघेवीत, प्रती दोन असल्या तर. आणि तुम्ही नव्या आहात, गावात राहता, बाई माणूस आहात. उद्या कोणी काही बोललं तर मंडळ पाठीशी उभं राहील का, हे तुम्हालाच माहीत. शंका असेल तर एकट्याने निर्णय घेऊ नका, ग्रंथनिवड समितीच्या इतिवृत्तात एक ओळ लिहवून घ्या: देणगीतील पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीनुसार वर्गीकृत करून संबंधित विभागात ठेवावीत. ही ओळ इतकी कोरडी आहे की तिला कोणी विरोध करत नाही, आणि नंतर तीच कामाला येते.

आप्पांची कायद्याची भीती असेल तर ती काढून टाका. अश्लील पुस्तकांचं कलम जुन्या दंडसंहितेत २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २९४ आहे. विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांच्यासाठी असलेलं प्रकाशन त्यातून वगळलेलं आहे. माहितीपर पुस्तक, आत्मकथन, निकालावरचं भाष्य यांचा त्या कलमाशी संबंधच नाही. आणि ३७७ सारखं कलम नव्या संहितेत नाही. वाटलं तर र. धों. कर्व्यांची आठवण करून द्या. 'समाजस्वास्थ्य' त्यांनी १९२७ ते १९५३ चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली, खटले ओढवून घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आपल्या जुन्या वाचनालयांत त्या मासिकाचे अंक कुठे कुठे आजही बांधून ठेवलेले सापडतात. तुमच्याकडे असतील तर बघा, कोणत्या वर्गांकाखाली आहेत. संततिनियमनावरचं सगळं ६१३.९४ ला टाकून मोकळं व्हायची सवय आहे, पण ते मासिक त्याहून मोठं होतं.

आप्पांशी बोलताना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचं नाव घ्या. ग्रंथालय चळवळीतल्या माणसाला ते चालतं. १९३१ च्या त्यांच्या पाच सूत्रांतलं दुसरं: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तिसरं: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. आप्पा विचारतील, आपल्या गावात असा वाचक कुठे आहे? तेव्हा वाद घालू नका. मुलाबद्दल काळजीत पडलेली आईसुद्धा वाचकच असते म्हणावं, आणि तिला काय वाचायला द्यायचं हे आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं. अशी आई आली तर तिला त्या दोन माहितीपर पुस्तकांतलं सोपं असेल ते द्या. पुढच्या ग्रंथखरेदीत खास पालकांसाठी लिहिलेलं एखादं मिळालं तर घ्या. ते आई-बाप आणि मुलांच्या नात्यात, ३०६.८७४ ला ठेवता येतं.

शेवटी एक कारकुनी बाब, जी तुम्ही विचारली नाहीत पण तपासणीत विचारली जाईल. ज्या पुस्तकांवर आधीच ६१६ ची चिठ्ठी लागली आहे त्यांचा दाखलांक, म्हणजे दाखल नोंदवहीतला क्रमांक, बदलायचा नाही, फक्त वर्गांक. दाखल नोंदवहीत जुना आकडा वाचता येईल असा एका रेघेने खोडा, वर लाल शाईने नवा लिहा, शेजारी सही आणि तारीख. पांढरी शाई लावू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना ती अजिबात चालत नाही. संगणकातली नोंद त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि पाठीवरची जुनी चिठ्ठी ओल्या फडक्याने सोडवून मगच नवी लावा, नाहीतर उन्हाळ्यात गोंद सुकला की वरची गळून पडते आणि खालचं ६१६ पुन्हा दिसायला लागतं.